एकदा ‘मूकनायक’ लावा

संगीत नाटकांचे निर्माते, दिग्दर्शक आणि गायक नट-नटी यांस,



मी खामगावची. आयुष्यभर शाळेत संगीत शिकवलं. आता निवृत्त आहे, पण पेटी सुटलेली नाही. तुमचे प्रयोग पाहायला मी अकोला, अमरावती, नागपूरपर्यंत गेले आहे. परतीची गाडी गाठायची म्हणून भैरवी सुरू असतानाच नाट्यगृहातून उठावं लागलं, तेव्हा जिवाला लागलंही आहे. हे पत्र लिहिणारी बाई तुमच्याच घरातली आहे असं समजून पुढचं वाचावं. तक्रार आहे, पण ती घरच्या माणसाची आहे.

‘सौभद्र’ मी किती वेळा पाहिलं याची मोजदाद आता उरलेली नाही. ‘शारदा’, ‘मानापमान’, ‘संशयकल्लोळ’, ‘स्वयंवर’, ‘एकच प्याला’ ही नाटकं मला जवळजवळ पाठ आहेत, आणि उद्या लागली तर मी पुन्हा जाईन. पण एकदा त्यांची सालं एका ओळीत मांडून पाहा. ‘सौभद्र’ १८८२चं, ‘शारदा’ १८९९चं आणि त्यानंतर एकदम ‘मानापमान’, १९११चं. पुढे १९१६ साली ‘स्वयंवर’ आणि ‘संशयकल्लोळ’, १९१९ साली ‘एकच प्याला’. ‘शारदा’ आणि ‘मानापमान’ यांच्या मधली बारा वर्षं कुठे गेली? किर्लोस्कर नाटक मंडळी तेव्हा बंद नव्हती. गावोगाव फिरत होती, लोक बैलगाड्या जुंपून नाटकाला येत होते, आणि १९०५ साली बालगंधर्व याच कंपनीत दाखल झाले. त्या वर्षांत कंपनीला नवी नाटकं कोण लिहून देत होतं?

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर देत होते. ‘शारदा’च्याही आधी १८९६ साली ‘वीरतनय’, मग १९०१ साली ‘मूकनायक’, १९०३ साली ‘गुप्तमंजूष’, १९०७ साली ‘मतिविकार’. ‘शारदा’कार देवल आणि ‘मानापमान’कार खाडिलकर यांच्या मधला हा सगळा पूल त्यांनी बांधला. आज आपण अलीकडच्या काठावरून पलीकडच्या काठावर उडी मारतो आणि मध्ये काही नव्हतंच अशा थाटात संगीत नाटकाचा इतिहास सांगतो. माझी पहिली तक्रार हीच. नाट्यसंगीताच्या कार्यक्रमांत निवेदक अण्णासाहेब किर्लोस्करांनंतर देवलांचं नाव घेतात आणि मग थेट खाडिलकरांवर येतात. कोल्हटकरांचं नाव आलंच तर ते गडकऱ्यांचे गुरू म्हणून येतं.

गडकऱ्यांनी त्यांना गुरू मानलं हे खरंच आहे. वि. स. खांडेकरांनीही मानलं. १९२७ साली पुण्याच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. शाळेतल्या मुलांना त्यांचं महाराष्ट्रगीत माहीत असतं, आणि जरा वाचणाऱ्यांना ‘सुदाम्याचे पोहे’. पण ज्या रंगभूमीसाठी त्यांनी सगळ्यात जास्त शाई खर्च केली, तिथे आज त्यांच्यासाठी जागा नाही.

आम्हा बुलढाणा जिल्ह्यातल्या लोकांना हे जास्त लागतं, त्याला कारण आहे. कोल्हटकर इथे राहिले. वकिलीची परीक्षा देऊन ते वऱ्हाडात आले. अकोला, खामगाव आणि जळगाव जामोद इथे त्यांनी वकिली केली. जळगाव म्हटल्यावर तुम्हाला खानदेशातलं आठवेल. हे जळगाव सातपुड्याच्या पायथ्याचं, संत्र्यांच्या बागांचं. याच तालुक्यातल्या भेंडवळच्या घटमांडणीकडे अक्षय्य तृतीयेला सगळ्या विदर्भाचे शेतकरी डोळे लावून बसतात. मुंबई-पुण्याच्या नाट्यवर्तुळापासून इतक्या लांब, कोर्टाच्या तारखा सांभाळून एक माणूस संगीत नाटकं लिहीत होता आणि त्या काळची सर्वांत नावाजलेली कंपनी ती करत होती. विदर्भातून संगीत नाटकाला मिळालेला एवढा मोठा नाटककार मला दुसरा दिसत नाही.

आता ‘मूकनायक’विषयी. हे पत्र त्याच्याचसाठी आहे.

संगीत नाटकाचा नायक, आणि तो मुक्याचं सोंग घेतो. एवढ्या एका कल्पनेवरच मी जीव टाकते. सव्वाशे वर्षांपूर्वी प्रेक्षक पदं ऐकायला आले आहेत, नायक कधी गातो याची वाट पाहत आहेत, आणि नाटककार त्या नायकाच्या तोंडाला कुलूप लावतो. विक्रांत सरोजिनीसाठी हे सोंग घेतो. दिग्दर्शक मंडळी, तुम्ही विचार करा. आजच्या रंगमंचावर शांततेला किती किंमत आहे, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. ज्याला बोलायचं आहे पण बोलता येत नाही, अशा माणसाचे डोळे, हात, अर्धवट उघडलेले ओठ, आणि शेजारी पेटीवर त्याच्या मनातली चाल. ही जागा गाणाऱ्या नटाला रोज कुठे मिळते?

आणि त्या गोष्टीच्या पोटात आहे दारू. ‘मूकनायक’ मद्यपानाच्या दुष्परिणामांवरचं नाटक आहे. ‘एकच प्याला’च्या आधी अठरा वर्षं, ते लिहिणाऱ्या गडकऱ्यांच्याच गुरूने हा विषय संगीत नाटकात आणला होता. शिष्याचं नाटक आपण डोक्यावर घेतलं, तसं घ्यावं असंच ते आहे. पण गुरूचं नाटक त्याच्याशेजारी ठेवून पाहिल्याशिवाय शिष्याने काय घेतलं आणि काय बदललं हे कळणार कसं? एका आठवड्यात आज ‘मूकनायक’ आणि उद्या ‘एकच प्याला’ असे दोन प्रयोग लावण्याची कल्पना मी किती वर्षं मनात घोळवते आहे.

हा विषय जुना झाला असं म्हणणाऱ्यांनी आमच्याकडच्या कुठल्याही गावात एक दिवस काढावा. दारूचं दुकान बंद करण्यासाठी गावातल्या बाया आजही मतदान मागतात. उभी बाटली की आडवी बाटली, यावर रांगा लागतात, आणि निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तरच दुकानाला टाळं लागतं. त्या रांगेत उभी राहिलेली बाई ‘मूकनायक’चा प्रयोग कसा पाहील, हे मला तिच्या शेजारी बसून अनुभवायचं आहे.

पण सगळ्यात जास्त काळजी मला चालींची आहे, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते.

किर्लोस्करांच्या पदांत साकी, दिंडी, कामदा, लावणी, कीर्तनातल्या चाली असा घरचा ऐवज होता. कोल्हटकरांनी खिडकी दुसऱ्या बाजूला उघडली. पारशी कंपन्यांच्या उर्दू नाटकांतल्या चाली त्यांनी मराठी पदांना लावल्या. ठेका चटपटीत, ओळी आखूड, शब्दांवर उडी घेणारं वजन. त्यावर तेव्हा टीका झाली, आजही होते. मला स्वतःला त्यांत एक तरुण झुळूक ऐकू येते. पुढे ‘मानापमान’ला गोविंदराव टेंब्यांनी आणि ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या, नाट्यपदात ख्याल-ठुमरीची बंदिश शिरली आणि आपण त्या वैभवात इतके रमलो की मधला थर मातीखाली गेला. नाट्यसंगीत म्हणजे रागदारी, हे समीकरण तिथून पक्कं झालं. त्याआधीचं नाट्यसंगीत गळ्यापेक्षा नाटकाच्या जास्त जवळ होतं, असं माझं मत आहे.

आता अडचण पाहा. जुन्या छापील संगीत नाटकात पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असं लिहून दुसऱ्या एखाद्या गाण्याचे पहिले दोन-चार शब्द दिलेले असतात. तेव्हाच्या वाचकाला ते गाणं ठाऊक असायचं, त्यामुळे तेवढी खूण पुरे. आज ते मूळ गाणंच लोपलेलं असतं. म्हणजे दाराचा पत्ता आहे, पण ते घरच जागेवर नाही. स्वरलिपी नाही. तबकडीवर जी पदं आली ती तीन मिनिटांच्या मापात कापलेली, आणि तीही मोजकी. बाकी सगळं गळ्यांत होतं, आणि ते गळे एकेक करून मिटत आहेत.

आमचे आबाजी, म्हणजे माझे आजोबा, खामगावच्या एका जिनिंगमध्ये दिवाणजी होते. १८७० साली जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठी, आणि कापसाच्या सराईत गावात पैसा खेळायचा तेव्हा नाटक कंपन्याही यायच्या, असं ते सांगत. त्यांनी तरुणपणी ऐकलेली ‘मूकनायक’मधली दोन पदं ते संध्याकाळी ओसरीवर गुणगुणायचे. मी नऊ-दहा वर्षांची असेन. पेटीवर माझी बोटं धरून त्यांनी त्या चाली बसवून घेतल्या. शब्द कुठे कुठे त्यांच्याच मनाचे होते, हे मला पुढे पुस्तक पाहिल्यावर कळलं. स्वरही तसेच असतील की काय, कोण जाणे. पण त्या दोन चाली माझ्या बोटांत आहेत, आणि त्या मी कुणाला द्यायच्या, हा माझ्यापुढचा खरा प्रश्न आहे. अशा दोन-दोन चाली धरून बसलेली म्हातारी माणसं सांगलीत, इंदूरला, बडोद्याला, रत्नागिरीला, गोव्यातही असतील. त्यांच्याकडे कुणी गेलं पाहिजे. आणि ते या वर्षी गेलं पाहिजे.

काही वर्षांपूर्वी मी एका नाट्यसंस्थेला याबद्दल लिहिलं होतं. उत्तर आलं नाही. नंतर फोनवर एवढंच ऐकायला मिळालं की लोकांना ओळखीची पदं लागतात, अनोळखी नाटकाला बुकिंग होत नाही. दौऱ्याची बस, नेपथ्याचा ट्रक, साथीदारांचं मानधन, नाट्यगृहाचं भाडं, हे आकडे मला माहीत आहेत, म्हणून मी त्या माणसावर रागावले नाही. पण त्याचं म्हणणं मला पटलेलंही नाही. १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’चा पडदा उघडला तेव्हा त्यातलं एकही पद लोकांच्या ओळखीचं नव्हतं. अभिषेकीबुवांनी ते दिलं, वसंतरावांनी गायलं, मग ओळख झाली. २०१५ साली त्यावर चित्रपट आला आणि ज्यांनी आयुष्यात संगीत नाटक पाहिलं नव्हतं असे माझे विद्यार्थी ती पदं म्हणत शाळेत आले. ओळख तुम्ही करून देता, म्हणून ओळख होते. माझ्या वर्गातल्या पोरांनी याआधी जे गायलं, तेही तुमच्याकडूनच आलं होतं.

दुसरा आक्षेप अभ्यासकांचा आहे आणि तो जड आहे. कोल्हटकरांचे संवाद कोट्यांनी भरलेले, भाषा सजवलेली, कथानक योगायोगांच्या गाठींचं. हे खरं आहे. ‘मूकनायक’ मी मोठ्याने वाचलं आहे. काही प्रवेशांत माझाही जीव दमला. एका वाक्यावर हसून होत नाही तोच दुसरी कोटी येते, आणि पात्राचं दुःख मागे राहतं. प्रेमाने म्हणते आहे म्हणून दोष झाकणार नाही. पण त्याच वेळी हेही ध्यानात घ्या की त्यांनी पुराणाचा किंवा संस्कृत नाटकाचा आधार सोडून स्वतंत्र कल्पित कथा रचली. तशा नाटकाची वाट तेव्हा मळलेली नव्हती. आणि लांबीचं म्हणाल तर रात्र रात्र चालणारं ‘सौभद्र’ आपण आज तीन तासांत बसवतोच की! किर्लोस्करांना जी कात्री चालते ती कोल्हटकरांनाही चालेल. जाणत्या हाताने कोट्या निम्म्या केल्या, पदं निवडली, तर आत दडलेलं चपळ नाटक वर येईल याबद्दल मला शंका नाही.

हक्कांची अडचणही नाही. कोल्हटकर १९३४ साली गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी आपल्याकडे त्याचं लेखन सर्वांचं होतं. हा दरवाजा केव्हाच उघडलेला आहे. आत पाऊल टाकणारं मात्र मला कुणी दिसलेलं नाही.

म्हणून माझ्या विनंत्या. निर्मात्यांनो, मी तुमच्याकडे पन्नास प्रयोगांचा दौरा मागत नाही. न्यू यॉर्कमध्ये सिटी सेंटर नावाच्या नाट्यगृहात १९९४ पासून ‘एन्कोर्स’ नावाचा उपक्रम चालतो. विस्मरणात गेलेली जुनी संगीत नाटकं तिथे मोजक्या दिवसांच्या तालमीत उभी करतात. नेपथ्य जेमतेम, वाद्यवृंद मंचावरच, सुरुवातीच्या वर्षांत तर नटांच्या हातात संहिताही असायची. प्रयोग मोजकेच. त्यातूनच १९९६ साली ‘शिकागो’ हे नाटक ब्रॉडवेवर गेलं आणि अजून चालू आहे. आपल्याकडे अभिवाचनाची सवय प्रेक्षकांना झालेली आहे. ‘मूकनायक’चं पदांसह अभिवाचन करा. पायपेटी किंवा ऑर्गन, तबला, सहा-सात गाणारे, मागे साधा पडदा. एवढ्याला ट्रक लागत नाही.

दिग्दर्शकांनो, राज्य नाट्य स्पर्धेत संगीत नाटकांचा वेगळा विभाग आहे. तिथे तिकीटविक्रीची धास्ती नसते. हौशी संस्थांना तिथे एखादं कोल्हटकरी नाटक बसवून द्या. ‘मूकनायक’ नको वाटलं तर स्त्रीशिक्षणावरचं ‘गुप्तमंजूष’ घ्या, विधवाविवाहाचा प्रश्न मांडणारं ‘मतिविकार’ घ्या. पण संहितेला हात लावण्याआधी जुन्या चालींचा शोध घ्या. मिळाली नाही तिथेच नवी करा, आणि ती नवी आहे हे प्रेक्षकांना सांगा.

गायक-गायिकांनो, तुमच्याकडे मागणं सगळ्यात लहान आणि मला सगळ्यात प्रिय. तुमच्या प्रत्येक मैफलीत एक अनोळखी पद गा. फर्माईशी तुम्ही पुरवताच, त्या पुरवा. मध्ये पाच मिनिटं आमच्या या वकिलाला द्या. गाण्याआधी दोन वाक्यांत सांगा की हे कोणत्या पात्राचं पद आहे आणि त्याच्यावर तेव्हा काय गुदरलं आहे. लोक ऐकतात. शाळेच्या शेवटच्या तासाला दमलेली चाळीस पोरं ऐकतात, हे मी पाहिलेलं आहे.

आणि ज्यांच्याकडे विद्यापीठांचे संगीत आणि नाट्य विभाग आहेत त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना ध्वनिमुद्रण यंत्र देऊन म्हाताऱ्या माणसांच्या दारांत धाडावं. पदवीच्या प्रबंधाला याहून चांगलं काम मला सुचत नाही. आमच्या विदर्भातल्या विभागांनी तर यात कुणाची वाट पाहूच नये.

आमच्या बाजूचंही सांगते, नुसतं मागत नाही. खामगावात कोल्हटकरांच्या नावाचं स्मारक मंदिर आहे. त्यांचं नाव रोज तिथे वाचलं जातं. त्या छताखाली त्यांचं नाटक व्हावं, ही आम्हा काही जणांची इच्छा आहे. मुक्कामाची सोय आम्ही घरांतून करू. जेवणाचीही. तिकिटं मी स्वतः दारोदार घेऊन जाईन. शिकवलेली पोरं आता दुकानदार आहेत, डॉक्टर आहेत, बाजार समितीत अडते आहेत. बाईंनी दिलेलं तिकीट ती परत करणार नाहीत. एक प्रयोग खामगावला झाला की दुसरा जळगाव जामोदला, तिसरा बुलढाण्याला.

तारखेचं एवढंच बघा. कोल्हटकरांचा जन्मदिवस २९ जूनला येतो, पण तेव्हा इकडे पेरणीची घाई असते, माणूस नाटकाला फिरकणार नाही. दिवाळी होऊ द्या. पहिल्या वेचणीचा कापूस घरात येऊ द्या. आबाजी सांगत तीच सराई. त्या दिवसांत या. तालमीला पेटी लागली तर माझी आहे, काळी चारला ती अजून सुरेल बोलते, आणि त्या दोन पदांच्या चाली मी पहिल्याच दिवशी तुमच्या स्वाधीन करीन.

उत्तराची वाट पाहते.

आपली,
एक निवृत्त संगीत शिक्षिका
खामगाव, जि. बुलढाणा